उभ्याच्या बसल्या

माझ्या तोंडाला फाटक नाही असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. दुकानदाराने शिळा खवा दिला तर मी त्याच्या गिऱ्हाइकांसमोर तो त्यालाच हुंगायला लावते. कीर्तनकार बुवा लांबण लावायला लागले की पहिली मीच उठते. पण मागच्या वर्षी एक साधं वाक्य काही केल्या माझ्या तोंडून निघत नव्हतं. कॅनडातल्या माझ्या मुलाला सांगायचं होतं की बाबा, मला तिकडे कायमचं राहायला यायचं नाही. एवढंच. रोज फोन यायचा, रोज मी पाऊस, भाजी, गुडघा असं सगळं बोलायची, आणि हे राहून जायचं. मी चौथी शिकले, लिहायची सवय नाही. आमच्या भजनातल्या बायका मागे लागल्या म्हणून लिहिते आहे. चमत्कार झाला असं माझं म्हणणं नाही. जे झालं ते सांगते.

माझा नवरा वनखात्यात गार्ड होता. लग्न झाल्यापासून आमचं बिऱ्हाड जंगलाच्या कडेकडेने फिरलं. कुठे क्वार्टर, कुठे कुणाच्या गोठ्याशेजारची खोली. चूल मांडून भिंतीला पोतेरं दिलं की बदलीचा कागद यायचा. एका गावी मी कढीपत्ता लावला आणि त्याची पानं दुसऱ्याच बाईच्या फोडणीत पडली. बायका विचारायच्या, तुमचं गाव कोणतं, तर मला सांगता यायचं नाही. नवरा रिटायर झाल्यावर आम्ही नागपूरच्या कडेला हुडकेश्वरला प्लॉट घेऊन घर बांधलं. तेव्हा तिथे रस्ताही नव्हता, पावसात रिक्षावाले यायला तयार नसायचे. घर झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा गेला. त्याला त्या घरात नीट बसायलाही मिळालं नाही. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की आता मला इथून चौघांनीच उचलायचं. त्याआधी मी उठणार नाही.

पण माणसाचं ठरवणं असं असतं. दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पडले. आतून कडी होती. शेजारच्या शोभाने कडी तोडून मला बाहेर काढलं. हाड मोडलं नाही, पण सुधीर, माझा एकुलता एक मुलगा, मिळेल त्या विमानाने धावत आला. माझ्या पायाशी बसून तो रडला. चांगला पंचेचाळीशीचा बाप्या, केस पांढरे झालेले. म्हणाला, "आई, आता एकटी राहू नको वं. माझ्याच्यानं सहन होत नाई." मी हो म्हटलं. रडणाऱ्या पोराला कोण नाही म्हणतं? त्या एका होकारावर त्याने कागदांची सगळी खटपट केली. सून मीनलने माझ्यासाठी खोली लावली, खिडकीजवळ खुर्ची ठेवली, फोटो पाठवला. सून चांगली आहे. वाईट असती तर सोपं झालं असतं.

कागद झाले. दिवाळीनंतरचं तिकीट निघालं. घर विकायचं ठरलं आणि मी सामान काढायला लागले. आयुष्यभर सामान बांधलेल्या बाईला ते काही जड नाही, पण या वेळी हात चालत नव्हते. मनात यायचं, देवा, माझ्या कपाळी एक जागा लिहायची तुला इतकी का जड गेली? शेगडी कुणाला दिली, पलंग कुणाला दिला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सांगून ठेवलं की कुणाला कपाट हवं असेल तर पाठवा. माळ्यावरचं पत्र्याचं सामान भंगारवाल्याला दिलं. तो पोती खाली टाकत गेला आणि मी खुर्चीवर बसून ने, ने म्हणत राहिले.

आता आमच्या लक्ष्म्यांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या येतात, तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. पितळेचे दोन मुखवटे आहेत, माझ्या सासूच्याही सासूपासूनचे. कुणाकडे लक्ष्म्या बसत्या असतात, कुणाकडे उभ्या. आमच्या उभ्या. पत्र्याच्या उंच पोकळ कोठ्या असतात, त्यात धान्य भरायचं, वरून लुगडं नेसवायचं आणि मग मुखवटा चढवायचा. ज्या घरची जी रीत ती मोडायची नसते. माझी सासू म्हणायची, "उभ्याच्या बसवल्या तं घर बसते." घर बसणं म्हणजे घर कोसळणं. त्या धाकाने मी जंगलातल्या क्वार्टरांतही त्या कोठ्या बैलगाडीवर घालून नेल्या. नवरा गेल्यावर काही जणी म्हणाल्या, आता तुम्ही लक्ष्म्या मांडू नये. मी म्हटलं, बरं, मग तुमच्यापैकी कोण मांडता? कोणी पुढे आलं नाही. तेव्हापासून मीच मांडते. फक्त मुखवटे दारातून आत आणायला एक सवाष्ण लागते, ती शोभा असायची.

त्या वर्षीचं मांडणं शेवटचं होतं. पुण्याला चुलत दीर आहेत, त्यांना विचारलं, मुखवटे न्याल का? ते म्हणाले, फ्लॅट लहान आहे वहिनी. परदेशात न्यायचे तर सून नोकरीवाली, नात इंग्रजीत बोलणारी, तिथे सोळा भाज्या कोण आणणार? म्हणून गुरुजींना विचारून ठरलं होतं की तीन दिवस करायचं आणि चौथ्या दिवशी मुखवटे पाण्यात सोडायचे. हेही मी सुधीरला सांगितलं नव्हतं.

लक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी मी कोठ्या शोधायला लागले. माळ्यावर नाहीत, पलंगाखाली नाहीत, आणि पलंगही नाही. मग डोक्यात उजेड पडला. जुन्या गोधडीत गुंडाळून पोत्यात ठेवलेल्या कोठ्या मी माझ्याच तोंडाने ने, ने म्हणून भंगारात दिल्या होत्या. भंगारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, वो माल तो उसी दिन गोदाम में गया." महालच्या बाजारात जाऊन नव्या आणाव्यात तर गुडघा सुजलेला, आणि गुरुजींनी दिलेला मुहूर्त दुपारचा. शोभा लेकीच्या बाळंतपणाला अमरावतीला गेली होती. जाताना मात्र म्हणाली होती, काकू, मी कोणाला तरी पाठवते. तिचाही फोन लागेना.

मी रिकाम्या खोलीत जमिनीवर बसले. समोर पेटीत ते दोन मुखवटे. मला रडू येत नाही. नवरा गेला तेव्हाही चार लोकांत आलं नाही. पण त्या दिवशी अंगातलं सगळं बळच गेलं. आजवर मी देवापुढे हात जोडले ते नेहमी काहीतरी सांगायला, हे असं कर, ते तसं कर. त्या दिवशी सांगायलाही काही सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, "बायांनो, माझ्याच्यानं होत नाई आता. तुमचं तुम्ही पहा."

मनाला एकदम बरं वाटलं असं काही नाही. गुडघा दुखत होता, म्हणून मी तशीच बसून राहिले. मग फाटक वाजलं.

दारात एक पोरगी उभी. गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी, कपाळाला कुंकू, साधी सुती साडी. मला वाटलं, शोभाने पाठवलेली सवाष्ण आली. मी म्हटलं, "किती उशीर केला वं. मुहूर्त चालला ना. चप्पल काढ, पाय पुढं कर."

ती म्हणाली, "काकू, मी ते..."

"ते मंग सांग. आधी पाय."

मी तांब्याभर पाण्याने तिचे पाय धुतले, दुधाचे चार थेंब टाकले, हळदी-कुंकू लावलं. गुडघा वाकत नव्हता तरी वाकवला. वर पाहिलं तर पोरीचे डोळे भरलेले. मला वाटलं, आजकालच्या पोरी हळव्या असतात. सुपात मुखवटे ठेवून सूप तिच्या हातात दिलं आणि ती चांगली सवय असल्यासारखी रांगोळीच्या पावलांवरून आत आली. मी मागे थाळी वाजवत होते.

आमच्याकडे मुखवटे जागेवर न्यायच्या आधी घरभर फिरवतात. लक्ष्मीला घर दाखवायचं असतं. हे स्वयंपाकघर, हे धान्य, हे दूधदुभतं, ही तिजोरी. दर वर्षी मी ते ठसक्यात दाखवायची. त्या वर्षी मी पुढे झाले आणि मला दाखवायला काही सापडेना. ओट्यावर दोन पातेली. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी खिळा. मधल्या खोलीत सुधीरने पाठवलेली मोठी निळी बॅग तोंड उघडून पडलेली. पोरगी सूप घेऊन थांबली. काहीतरी म्हणायला हवं म्हणून मी म्हटलं, "ही बॅग."

ती मान हलवून पुढे गेली. हसली नाही, विचारलंही नाही. तेवढं मला पुरलं.

जागेवर आल्यावर मात्र तिने विचारलं, "कोठ्या कुठं आहेत काकू?"

"भंगारात," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. तिने जीभ चावली. मग जरा विचार करून म्हणाली, "आमच्याकडं तं बसत्याच असतात. मले येते मांडता. तुमच्याजवळ दोन तांबे आहेत का मोठे?"

मी म्हटलं, "आमच्या उभ्या आहेत. सासू म्हणायची, उभ्याच्या बसवल्या तं घर बसते."

"माझी सासू म्हणते, लक्ष्मी बसली का बस्तान बसते."

"मंग आता तुह्या सासूचं ऐकू का माह्या?"

"तुमची सासू आहे का अजून?"

"नाई."

"मंग माझ्याच सासूचं ऐका. तिले काही पुसाचं असलं तं फोन तरी लावता येते."

असं मला फार कमी माणसं बोलतात. मी तांबे काढून दिले. तिने ते गव्हाने भरले, पाटावर ठेवले, चादरींच्या गुंडाळ्या करून मांडी केली, मांडीवर लुगड्याच्या निऱ्या सोडल्या. मुखवट्याचा गळा तांब्याच्या तोंडावर असा नेमका बसला की जणू मापाने घेतला होता. मी त्या मुखवट्यांकडे लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे, पण नेहमी मान वर करून. त्या दिवशी पहिल्यांदा त्या माझ्या डोळ्यांच्या पातळीला आल्या. दोघी बसल्या होत्या. लांबून चालत आलेल्या बायका ओट्यावर टेकतात तशा.

संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवून मी तिला वाढलं. जेवता जेवता ती खाली मान घालून म्हणाली, "काकू, खरं सांगू का? मी तं कपाट पाहाले आली होती. किराणा दुकानवाल्यानं सांगितलं, आजीबाई सामान काढून राहिल्या म्हणून."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. "मंग बोलली काहून नाई?"

"तुम्ही पाय धुतले ना. मंग बोलताच नाई आलं."

तिचं नाव प्रणाली. सासर वाशीमकडचं. नवऱ्याला मिहानमधल्या कंपनीत नोकरी लागली म्हणून दोघं नुकतीच नागपूरला आली होती, एका खोलीत राहत होती. नवीन नोकरी, रजा नाही, त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच तिला लक्ष्म्यांना घरी जाता आलं नव्हतं. सकाळी सासू फोनवर म्हणाली होती, जिथं आहेस तिथून हात जोड. घरात मन लागेना म्हणून ती कपाट पाहायला निघाली होती. रात्री शोभाचा फोन आला. म्हणाली, काकू, माफ करा, पोरीच्या गडबडीत कुणाला पाठवायचं राहूनच गेलं. मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणजे माझ्याकडे त्या दिवशी कोणीच येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूजा. गुरुजी आले, आत पाहून थबकले. "तुमच्या उभ्या होत्या ना?" मी हो म्हटलं. "मग?" मी म्हटलं, "मग आता पूजा सांगा." त्यांनी सांगितली. प्रणालीने सोळा भाज्या चिरल्या, मी पुरण वाटलं, आंबील केली. तिचा नवराही सुट्टी होताच आला आणि लाजत लाजत चार पोळ्या जेवला. पण माझा सगळा जीव संध्याकाळच्या आरतीकडे लागला होता. दर वर्षी आरतीला सुधीर फोनवर दर्शन घेतो. तिकडे तेव्हा सकाळ असते. घरची रीत मोडली हे तो पाहणार, बाप असता तर काय म्हणाला असता ते म्हणणार, आणि मुखवटे पाण्यात सोडायचं ठरलं तेही मला सांगावं लागणार.

आरती झाली. प्रणालीने फोन लक्ष्म्यांसमोर धरला. सुधीरने हात जोडले, डोळे उघडले आणि म्हणाला, "आई, ह्या बसल्या काहून?"

मला भंगारवाल्याचं सांगायचं होतं. कोठ्या, गोधडी, पोतं, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "थकल्या असतील."

फोन बंद पडला की काय म्हणून मी जवळ जाऊन पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. मग हळूच म्हणाला, "तू थकली का, आई?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तू विचारलं नाई."

"विचारलं असतं तं खरं सांगितलं असतं?"

"नाई," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्याने कपाळ चोळलं. बापाची सवय आहे ती. "तुले इकडं यायचंच नाई का?"

"यायचं आहे गा. राहायचं नाई. पाहुणी म्हणून बोलाव, उद्या येते."

"मीनलनं खोली लावून ठेवली."

"पाहुण्यांलेही खोली लागते."

"आणि पुन्हा न्हाणीघरात पडली तर?"

"तुमच्याकडं न्हाणीघर नाई का?"

तो हसला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मागून मीनल आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "आई, मला वाटायचं तुम्हाला यायचंय आणि हेच उगीच उशीर करून राहिले." म्हणजे तिकडे त्या दोघांची माझ्यावरून भांडणं होत होती, आणि मी इकडे गप्प बसून सगळ्यांना सांभाळते आहे असं समजत होते. त्या रात्री मी लक्ष्म्यांसमोरच चटई टाकून झोपले आणि सकाळी गुरुजींनी दार वाजवलं तेव्हा उठले.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्यांची पाठवणी केली, अक्षता टाकल्या, पुन्हा या म्हटलं. ते म्हणताना दर वर्षी मला काही वाटत नाही, कारण त्या येणारच असतात. या वेळी वाटलं. मुखवटे पाण्यात सोडले नाहीत. पुसून पेटीत ठेवले.

पुढचं सगळं पटापट झालं. घर घेणाऱ्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. तो रागावला, मीही रागावले, मिटलं. प्रणाली आणि तिचा नवरा माझ्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहायला आले. कपाट न्यायला आलेली पोरगी कपाट होतं तिथेच राहायला आली. आता न्हाणीघरात गेले की ती बाहेरून ओरडते, "काकू, कडी लावू नका." मी लावत नाही. सुधीरच्या जिवाला तेवढा आधार झाला. उन्हाळ्यात मी कॅनडाला जाऊन आले, मीनलने ठेवलेल्या खुर्चीवर बसले, नातीला पुरणपोळी करायला शिकवली. तिने ती त्रिकोणी केली. परत निघताना कोणी रडलं नाही. आता मी पुन्हा जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

लोक विचारतात की प्रणाली कोण होती, देवीनेच पाठवली होती का. मला माहीत नाही. ती कपाट पाहायला आली होती. कोठ्या मीच भंगारात दिल्या. शोभा विसरली. यातल्या एकेका गोष्टीत देव शोधायला गेलं तर नुसती गडबड सापडते. पण सगळ्या गडबडी मिळून जे झालं ते माझ्या हुशारीने झालं नाही, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन. मी आयुष्यभर स्वतःला खंबीर समजत होते. खरं तर मी फक्त मूठ आवळून बसले होते, आणि मूठ आवळलेल्या हातात देणारा तरी काय ठेवणार? "माझ्याच्यानं होत नाई" हे म्हणायला मला सत्तर वर्षं लागली. मला मागायचीही अक्कल नव्हती. तरी त्या माउलींनी माझ्या घराची रीत मोडून मला जागा दिली. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

या वर्षी लक्ष्म्या उभ्या करायच्या की बसवायच्या, यावर गुरुजींचं आणि माझं अजून एकमत नाही. ते शास्त्र पाहतो म्हणाले. पाहू देत. रोज संध्याकाळी सुधीरचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "आई, काय करून राहिली?"

मी म्हणते, "बसून राहिली."